न फुटलेली केंद्रकं

गुणसूत्रांच्या तपासणीची स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली की आधी दिसतात ती गोल, जांभळी, अख्खी केंद्रकं. शेकड्यांनी असतात. त्यांच्यामधून स्लाइड हळूहळू सरकवत जायचं. एखादी पेशी नेमकी विभाजनाच्या घडीला अडकून फुटलेली सापडली, तिची गुणसूत्रं सुटी होऊन पसरलेली दिसली, की थांबायचं, जागेचे आकडे वहीत टिपायचे आणि मोजायला लागायचं. बडोद्यातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत १९८४ पासून ३१ वर्षं मी हे काम केलं. पहिल्याच आठवड्यात मी आमच्या वरिष्ठ बाईंना विचारलं होतं, या अख्ख्या केंद्रकांचं काय करायचं? "काही नाही," त्या म्हणाल्या. "त्यांत बघण्यासारखं काही नसतं. तू पुढे सरक."

मी पुढे सरकले. मनाशी हिशेब केला तर नोकरीच्या काळात काही लाख केंद्रकं तरी मी अशी न बघता ओलांडली असतील.

१९९१ मध्ये एक गृहस्थ रिपोर्ट न्यायला खिडकीशी आले. रेल्वेत फिटर होते. त्यांच्या धाकट्या भावाचा बोन मॅरो आम्ही तपासला होता आणि त्यात ९ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांनी आपापल्या टोकांची अदलाबदल केलेली दिसली होती. रक्ताच्या एका कर्करोगाची ती ओळखीची खूण. डॉक्टरांनी त्यांना कागदावर चित्र काढून समजावलं असावं. तो कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "छेताळीसमांथी आ बे ज केम, बेन?" शेहेचाळिसांमधून नेमकी हीच दोन का? मी म्हटलं, योगायोग. त्यांनी मान हलवली, कागदाची घडी केली आणि निघून गेले. भावाचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. प्रयोगशाळेतल्या माणसाला ते सहसा कळत नाही.

माझं उत्तर अगदी चूक होतं असं आजही म्हणवत नाही. पण ते अपुरं होतं. ते का अपुरं होतं हे निवृत्तीनंतर शोधायला बसले तेव्हा लक्षात आलं, की ज्या केंद्रकांवरून मी पुढे सरकत होते त्यांच्यातच उत्तराचा मोठा भाग होता. आणि त्याची पहिली ओळ एका जर्मन प्राध्यापकाने १९०९ मध्येच, साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून पाहून, लिहून ठेवली होती. मधल्या काळात ती ओळ विज्ञानाच्या स्मरणातून जवळजवळ पुसली गेली. ती कशी पुसली गेली आणि पुन्हा कशी वाचता आली, त्याची ही हकिगत.

आधी शब्दाबद्दल. मराठीत आणि हिंदीत आपण गुणसूत्र म्हणतो. गुण वाहून नेणारा धागा. गुजरातीत रंगसूत्र म्हणतात. बडोद्यात माझी मुलं शाळेत रंगसूत्र शिकली आणि घरी मला गुणसूत्र ऐकून हसली. इतिहासाच्या दृष्टीने गुजराती शब्द मुळाला जास्त धरून आहे. १८८८ मध्ये बर्लिनच्या वाल्डायर यांनी 'क्रोमोसोम' हा शब्द घडवला, तो ग्रीकमधल्या रंग आणि देह या दोन शब्दांपासून. त्या वेळी या वस्तूंचं काम काय हे कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. एवढंच माहीत होतं, की पेशीला विशिष्ट रंगात बुडवलं तर या वस्तू तो रंग सगळ्यांत जास्त पितात.

तो रंग कापडगिरण्यांकडून आलेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डांबरापासून कृत्रिम रंग करायची विद्या जर्मनीत भरभराटीला आली आणि जीवशास्त्रज्ञांनी ते रंग पेशींवर वापरून पाहायला सुरुवात केली. कील शहरातले वाल्टर फ्लेमिंग सॅलमँडर नावाच्या, पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या अळ्या घेऊन बसले. या प्राण्याच्या पेशी आणि केंद्रकं चांगली मोठी असतात. फ्लेमिंग यांनी रंगलेले धागे दुहेरी होताना, मध्यावर जमताना आणि दोन टोकांना ओढले जाताना पाहिले, त्यांची हाताने चित्रं काढली आणि १८८२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. पेशीविभाजनाचं जे चित्र आपण शाळेच्या पुस्तकात पाहतो, ते त्या चित्रांचं वंशज आहे.

पण विभाजन संपलं की धागे दिसेनासे व्हायचे. केंद्रक पुन्हा गोल, एकसारखं, दाणेदार दिसायला लागायचं. मग ते धागे जातात कुठे? विरघळून पुढच्या विभाजनाला नव्याने तयार होतात, की न दिसता तिथेच राहतात?

कार्ल राब्ल या ऑस्ट्रियन शरीरशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये दुसऱ्या बाजूने कौल दिला. सॅलमँडरच्याच पेशींत त्याच्या लक्षात आलं, की विभाजन संपताना गुणसूत्रांचे मधले वाकलेले भाग एका ध्रुवाकडे आणि टोकं विरुद्ध बाजूला असतात. आणि पुढचं विभाजन सुरू होताना धागे पुन्हा दिसू लागतात तेव्हाही तीच मांडणी असते. मग मधल्या वेळात ती मोडली असेल असं का मानायचं? राब्लने मधला काळ पाहिला नव्हता. आधीचं आणि नंतरचं दृश्य पाहून त्याने मधल्याबद्दल अनुमान केलं.

त्या अनुमानाला पुराव्याचं बळ दिलं थिओडोर बोव्हेरी यांनी. ते वुर्झबुर्गला प्राध्यापक होते. त्यांचा प्राणी म्हणजे घोड्याच्या आतड्यातला जंत. हा जंत निवडण्याला कारण होतं. त्याच्या एका प्रकारात पहिल्या पेशींत फक्त ४ गुणसूत्रं असतात, दुसऱ्यात तर २ च. शेहेचाळिसांच्या गर्दीत जे कळणार नाही ते चौघांत कळतं. शिवाय त्याच्या गर्भाच्या सुरुवातीच्या पेशींमध्ये केंद्रक पूर्ण गोल नसतं. त्याला बोटांसारखे फुगवटे असतात, आणि गुणसूत्रांची टोकं त्या फुगवट्यांत असतात.

बोव्हेरी यांनी जुळ्या पेशी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. एकाच पेशीच्या विभाजनातून झालेल्या दोन लेकींच्या केंद्रकांत फुगवट्यांची मांडणी आरशातल्या प्रतिबिंबासारखी जुळत होती. वेगवेगळ्या गर्भांतल्या पेशी घेतल्या तर ती वेगवेगळी होती. आणि पुढचं विभाजन सुरू होताना गुणसूत्रांची टोकं त्याच फुगवट्यांतून पुन्हा प्रकट होत होती. १९०९ च्या दीर्घ लेखात त्यांनी निष्कर्ष मांडला, की विभाजनांच्या मधल्या काळातही प्रत्येक गुणसूत्राचा केंद्रकात स्वतःचा असा मुलूख असतो. 'टेरिटोरियम' हा त्यांचा शब्द. मराठीत मला 'मुलूख'च जवळचा वाटतो, कारण मुलुखाला माणसं असतात आणि शेजार असतो. हा शेजार विभाजनाच्या धांदलीत बदलतो आणि एकदा बसला की पुढच्या विभाजनापर्यंत साधारण टिकतो, असंही त्यांनी सांगितलं.

त्याच बोव्हेरींनी १९१४ मध्ये कर्करोगावर एक छोटं पुस्तक लिहिलं. एका पेशीतली गुणसूत्रांची घडी बिघडते आणि त्या एका पेशीच्या वंशातून गाठ वाढते, असा त्यांचा तर्क होता. पुढच्याच वर्षी ते वारले. पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर त्यांच्या पत्नीने, मार्सेला ओ'ग्रेडी बोव्हेरी यांनी केलं. त्या अमेरिकन होत्या आणि स्वतः जीवशास्त्रज्ञ होत्या. भाषांतर १९२९ मध्ये आलं. म्हणजे केंद्रकातला शेजार आणि कर्करोग हे दोन्ही विषय एकाच माणसाच्या टेबलावर होते. त्या दोघांची गाठ पडायला आणखी सत्तरेक वर्षं जावी लागली.

ही वर्षं वाया गेली त्याला तीन कारणं दिसतात. तिन्ही कारणं प्रगतीच्या पोटातून आलेली आहेत.

पहिलं कारण प्रकाश. १८७३ मध्ये येना इथल्या एर्न्स्ट आबे यांनी दाखवून दिलं होतं, की भिंग कितीही उत्तम घासलं तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. दृश्य प्रकाशासाठी हे अंतर मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाएवढं. गुणसूत्राचा उलगडलेला धागा त्याच्या कितीतरी पट बारीक. माणसाच्या पेशीत असा सुमारे दोन मीटर धागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात बसवलेला असतो. फ्लेमिंगचे रंग सगळ्या गुणसूत्रांना सारखेच रंगवायचे. सगळ्यांचा रंग एक आणि धागा भिंगाच्या आवाक्याबाहेर, मग एकाची हद्द कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते हे ठरवणार कसं?

दुसरं कारण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. १९३१ मध्ये बर्लिनमध्ये त्याची सुरुवात झाली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तो पेशीच्या आत डोकावू लागला. कितीतरी पट बारकावा दाखवणाऱ्या या उपकरणाने केंद्रकाचा पातळ काप पाहिला तेव्हा सगळीकडे तंतूच तंतू दिसले. मुलूख नाही, हद्द नाही. ताटात वाढलेल्या शेवयांसारखा प्रकार. यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला, की मधल्या काळात गुणसूत्रं एकमेकांत गुंतून जातात आणि बोव्हेरींचं म्हणणं फार तर जंतापुरतं खरं असेल. त्या तंतूंमधला कुठला कोणत्या गुणसूत्राचा, हे सांगायची सोय या नव्या उपकरणातही नव्हती. पण चित्र इतकं बारीक आणि इतकं स्पष्ट होतं, की त्यात जे दिसत नाही ते नाहीच, असं मानणं सोपं गेलं.

तिसरं कारण आमचं, म्हणजे मोजणाऱ्यांचं. १९५२ मध्ये टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन इथे टी. सी. शू या चिनी शास्त्रज्ञाला एक दिवस पेशींची गुणसूत्रं कधी नव्हे इतकी सुटी, पसरलेली दिसली. शोध घेतल्यावर कळलं, की धुण्याचं मीठपाणी कुणीतरी चुकून नेहमीपेक्षा फार पातळ केलं होतं. पातळ पाण्याने पेशी फुगतात आणि गुणसूत्रं लांब लांब होतात. या चुकीचीच पुढे पद्धत झाली. तिला कॉल्चिसिनची जोड देऊन, म्हणजे विभाजन ऐन मध्यावर अडवून, जो हिन त्यो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी स्वीडनमधल्या लुंडला माणसाची गुणसूत्रं मोजली. तोपर्यंत तीसेक वर्षं सगळे ४८ म्हणत होते. १९५६ मध्ये त्यांनी छापलं, ४६.

आम्ही तीच पद्धत वापरायचो. रक्त वाढवायला ठेवायचं, पेशींना विभाजनाला उठवण्यासाठी राजम्यापासून काढलेलं द्रव्य घालायचं, तीन दिवसांनी कॉल्चिसिन, मग पातळ क्षाराने पेशी फुगवायच्या, मिथेनॉल आणि ॲसेटिक आम्लात स्थिर करायच्या, आणि गार ओल्या स्लाइडवर वरून थेंब सोडायचा. थेंब आपटला की पेशी फुटते. जितकी चांगली फुटेल तितका तंत्रज्ञाचा हात चांगला. मग फोटो काढायचा, कात्रीने एकेक गुणसूत्र कापायचं, जोड्या लावायच्या आणि मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने कागदावर चिकटवायचं. शिकागोच्या जॅनेट रॉली यांनी घरच्या जेवणाच्या टेबलावर अशीच कात्रणं लावता लावता १९७३ मध्ये दाखवून दिलं, की १९६० मध्ये फिलाडेल्फियात सापडलेलं छोटं विचित्र गुणसूत्र हे ९ आणि २२ यांच्या अदलाबदलीतून होतं. आमच्या खिडकीशी आलेल्या त्या गृहस्थांच्या हातातला रिपोर्ट या शोधावरच उभा होता.

या पद्धतीने हजारो घरांना निदान दिलं. तिच्याबद्दल मला कृतज्ञताच आहे. पण ती सुरूच होते घर फोडण्यापासून. कोण कोणाच्या शेजारी होतं, मध्यात कोण, भिंतीशी कोण, हे सगळं त्या थेंबाच्या आपटण्यात जातं, आणि मग आपण आपल्या सोयीने सगळ्यांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करतो. आपल्या सह्याद्रीच्या रानांत भेकर नावाचं लहानसं हरीण आहे. १९७० मध्ये कळलं, की भेकराच्या मादीत गुणसूत्रं फक्त ६ आणि नरात ७. चीनमधल्या त्याच्या जवळच्या भाऊबंदाला मात्र ४६ आहेत. दोन्ही हरणंच, दिसायलाही जवळची. म्हणजे धागा किती तुकड्यांत आहे यावरून फार थोडं कळतं. पण आम्हांला मोजणं येत होतं, म्हणून आम्ही मोजत होतो.

एकच तपासणी अशी होती, की तिच्यात अख्खं केंद्रक बघावं लागे. गालाच्या आतून खरवडून घेतलेल्या पेशींत बार यांचा ठिपका शोधायचा. १९४९ मध्ये कॅनडात मरे बार आणि त्यांचा विद्यार्थी बर्ट्रम यांना मांजरींच्या चेतापेशींत तो दिसला होता. मादीच्या केंद्रकात तो गडद ठिपका असायचा, नराच्या नसायचा. १९६१ मध्ये मेरी लायन यांनी सुचवलं, की मादीच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बंद होतं. हा ठिपका म्हणजे ते आवळून बसलेलं एक्स. माणसाच्या केंद्रकात तो बहुधा कडेला, भिंतीला चिकटून असतो. अशा कितीतरी स्लाइडी मी पाहिल्या. निदान एक गुणसूत्र न विरघळता, आपल्या ठरलेल्या जागी बसलेलं मला साध्या प्रकाशात रोज दिसत होतं. मग बाकीची ४५ कुठे बसली असतील, हे विचारायचं मला सुचलं नाही.

ते ज्यांना सुचलं ते दोन भाऊ होते. थोमास क्रेमर वैद्यक शिकलेले, क्रिस्टॉफ क्रेमर भौतिकशास्त्रज्ञ. १९७० च्या दशकात जर्मनीतल्या फ्रायबुर्गला त्यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर वेगळीच वाट धरली. मुलूख दिसत नसतील तर ते आहेत की नाहीत हे न बघता ठरवता येईल का?

त्यांची युक्ती घरगुती भाषेत सांगता येते. केंद्रक म्हणजे शेवयांचं ताट असेल, तर तापलेली सुई कुठेही टेकवली तरी पुष्कळ शेवयांना चटका बसेल. केंद्रक म्हणजे लाडवांनी भरलेला डबा असेल, तर त्याच सुईचा चटका एकदोन लाडवांनाच बसेल. त्यांची सुई म्हणजे अतिनील लेसरचा किरण, २५७ नॅनोमीटर तरंगलांबीचा, सूक्ष्मदर्शकातूनच केंद्रकाच्या एका टिंबावर रोखलेला. चायनीज हॅमस्टरच्या जिवंत पेशींवर हा प्रयोग केला. तिथे गुणसूत्रं २२. चटका बसलेल्या जागी पेशी डागडुजी करते. त्या डागडुजीसाठी तिला किरणोत्सारी सामान पुरवलं. मग पेशी विभाजनाला येऊन गुणसूत्रं सुटी दिसू लागली, की फोटोच्या इमल्शनवर काळे दाणे कोणत्या गुणसूत्रांवर उमटतात ते पाहायचं.

दाणे मोजक्या गुणसूत्रांवर उमटले. बाकीची कोरी राहिली. १९७९ आणि १९८२ मध्ये छापलेल्या या प्रयोगांनी शेवयांचं चित्र मोडलं. मला यात भावणारी गोष्ट अशी, की त्यांनी आमच्यासारखंच फुटलेल्या पेशींवर शेवटी मोजलं. पण पेशी फोडण्याआधी तिला एक प्रश्न विचारून घेतला होता.

तरीही डोळ्यांना दिसणं बाकी होतं. प्रत्येक गुणसूत्राला निराळा रंग देता आला असता तर फ्लेमिंगच्या काळापासूनची अडचण संपली असती. १९६९ मध्ये जोसेफ गॉल आणि मेरी-लू पार्ड्यू यांनी डीएनएचा खुणेचा तुकडा पेशीतल्या त्याच्या जोडीदार तुकड्याला नेऊन चिकटवायची रीत दाखवली होती, तेव्हा खूण किरणोत्सारी होती. १९८० च्या दशकात किरणोत्साराऐवजी चमकणारे रंग आले. १९८८ मध्ये जर्मन आणि अमेरिकन गटांनी एकेका गुणसूत्राचे तुकडे वेगळे जमवून, त्यांना रंगाची खूण लावून, ते पूर्ण गुणसूत्र रंगवून दाखवलं. अख्ख्या केंद्रकावर हा रंग चढवला तेव्हा केंद्रकभर पसरलेलं जाळं दिसलं नाही. दोन आटोपशीर ढग दिसले. एक आईकडून आलेल्या गुणसूत्राचा, एक वडिलांकडून आलेल्या. बोव्हेरींच्या लेखानंतर ७९ वर्षांनी मुलूख माणसाच्या पेशीत, साध्या प्रकाशात दिसले. आबेंची मर्यादा तिथेच होती. धागा अजूनही दिसत नव्हता, पण धागा दिसायची गरज नव्हती.

पुढची प्रगती वेगाने झाली. एका वेळी एकाच खोलीवरचा प्रकाश टिपणारा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक वापरात आला; त्याची कल्पना मार्विन मिन्स्की यांनी १९५७ मध्येच नोंदवली होती. पेशी न चेपता, तिची खोली राखून पाहता येऊ लागली. १९९९ मध्ये एडिंबराच्या गटाने आकाराने फारशी तफावत नसलेली दोन गुणसूत्रं तपासली, १८ आणि १९. अठरावर जनुकं विरळ, एकोणीसवर दाट. रक्तपेशींत अठरा बहुधा भिंतीकडे आणि एकोणीस मध्याकडे सापडलं. २००५ मध्ये म्युनिकमध्ये थोमास क्रेमर यांच्या गटाने पुरुषाच्या एकाच केंद्रकात सगळी ४६ एकदम रंगवून दाखवली. जागा ठरलेल्या असतात त्या शक्यतेच्या भाषेत. कोण मध्याकडे, कोण कडेला याचा कल असतो, पण प्रत्येक पेशीत शेजारी तेच असतील अशी खात्री नसते.

या मांडणीचा उपयोग काय, याची नोंद घेण्यासारखी दोन उत्तरं आहेत. २००९ मध्ये दिसून आलं, की उंदरासारख्या निशाचर प्राण्यांच्या डोळ्यातल्या दंडपेशींत मांडणी उलटी असते. एरवी भिंतीशी असणारा घट्ट, मिटलेला भाग तिथे मध्यात गोळा होतो, आणि असं केंद्रक बारीक भिंगासारखं काम करून अंधारातला थोडका प्रकाश पुढे पोचवतं. दुसरं उत्तर मुंबईचं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं, की माणसाच्या पेशीतल्या डीएनएला कर्करोगावरच्या एका औषधाने इजा केली की १७ आणि १९ सारखी जनुकांनी दाट गुणसूत्रं मध्य सोडून कडेकडे सरकतात, आणि औषध धुऊन काढल्यावर परत येतात. मुलूख स्थिर असतो, पण त्यातली माणसं संकटात हलतात.

आता हद्दीवरची गोष्ट. २००६ मध्ये लंडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की मुलुखांच्या कडा काटेकोर नसतात. शेजारच्या गुणसूत्रांचे धागे कडेला एकमेकांत मिसळतात. आणि ज्या दोन गुणसूत्रांची अशी मिसळ जास्त, त्यांच्यात तुकड्यांची अदलाबदलही जास्त होते. १९९० च्या दशकाच्या शेवटी काही प्रयोगशाळांनी थेट ९ आणि २२ वरच्या त्या दोन जागा रक्त घडवणाऱ्या पेशींत मोजून पाहिल्या होत्या. निव्वळ योगायोगाने असाव्यात त्यापेक्षा त्या जागा एकमेकींच्या जवळ सापडल्या होत्या.

आमच्याकडे २००३ मध्ये फिश तपासणी आली. ९ वरच्या जागेला लाल ठिपका, २२ वरच्या जागेला हिरवा, आणि अदलाबदल झाली असेल तर दोन्ही एकत्र येऊन पिवळट दिसतात. या तपासणीला पेशी फुटावी लागत नाही. २०० अख्खी, गोल केंद्रकं मोजायची. ज्यांच्यावरून १९ वर्षं पुढे सरकत आले होते, त्यांच्यावर आता मला एकेक करून थांबावं लागलं. पहिल्या दिवशी मान आखडली, कारण डोळ्यांना तिथे थांबायची सवयच नव्हती.

त्या तपासणीत एक अडचण असते. निरोगी माणसाच्या पेशीतही कधी कधी लाल आणि हिरवा ठिपका इतके जवळ असतात, की ते एक झाल्यासारखे वाटतात. आबेंच्या मर्यादेपलीकडे जवळ असलेले दोन बिंदू एकच दिसणार. म्हणून प्रत्येक प्रयोगशाळा आधी निरोगी नमुने मोजते, अशी फसवी जोडी दर शेकड्याला किती दिसते ते काढते आणि तेवढी चूक सोडून देते. मीही ते काम केलं, आकडा काढला, तक्ता करून भिंतीवर लावला. ते ठिपके तिथे जवळ का असतात असा विचार तेव्हाही माझ्या मनात आला नाही. त्या गृहस्थांच्या प्रश्नाचं उत्तर मी मोजलं होतं आणि चूक म्हणून वजा केलं होतं.

ते आज खिडकीशी आले तर मी काय सांगेन याचा विचार मी पुष्कळदा करते. सांगेन, की भाई, शेहेचाळीसही जण एका घरात राहतात आणि प्रत्येकाची आपली जागा असते. ही दोन रक्ताच्या पेशीत बऱ्याचदा जवळ असतात. कधीतरी एकाच वेळी दोघांना इजा झाली आणि घाईच्या डागडुजीत टोकं बदलली गेली. असं बहुतेक वेळा वाया जातं, पेशी मरून जाते. तुमच्या भावाच्या एका पेशीत नेमकं ते टिकलं, आणि जुळलेल्या तुकड्यांमुळे ती पेशी वाढतच राहिली. इजा योगायोगाची, शेजार मात्र आधीपासूनचा. यात तुमच्या भावाने केलेलं किंवा न केलेलं काही नाही.

एवढं सांगून त्यांच्या हाती काय लागलं असतं, कुणास ठाऊक. पण त्यांनी नीट विचारलं होतं. मोजायचं सोडून, कोण कोणाच्या जवळ हे विचारलं होतं, जे बोव्हेरींनी विचारलं आणि आम्ही विसरलो. शेवटच्या वर्षी आमच्याकडे एक नवी मुलगी लागली, तिने पहिल्याच आठवड्यात जिम्सा केलेल्या स्लाइडवर बोट ठेवून मला तोच प्रश्न विचारला, मॅडम, या गोल केंद्रकांचं काय करायचं? मी तिला म्हटलं, मोजायची नाहीत, पण जरा थांबून बघ. कडेला गडद काय आहे, मध्यात काय आहे, ते वहीत लिही. या रंगात फार काही दिसणार नाही, हेही सांगितलं. तिने दोन ओळी लिहिल्या आणि मग पुढे सरकली.